‘पर्यावरणपूरक’ शाम्पूचा दावा कसा तपासावा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): नुकत्याच घेतलेल्या शाम्पूच्या बाटलीवर ‘१०० टक्के पर्यावरणपूरक’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, मात्र पूरक नेमके काय, आतील द्रव्य की बाटली, याचा उल्लेख कोठेही नाही. अशा दाव्याला कायद्याचे काही बंधन आहे का?

उत्तर (मिरज): आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या असून, त्यांनुसार ‘ग्रीन’ किंवा ‘इको-फ्रेंडली’ यांसारखे मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय व पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत, आणि दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल आहे की निर्मितीप्रक्रियेबद्दल, हेही सांगावे लागते. ‘आम्ही जाहिरात केलीच नाही, ते केवळ लेबल आहे’ ही पळवाटही चालत नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन दोन्ही येतात. हिरव्या पानाचे चित्र हे प्रमाणपत्र नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर (तासगाव): बांबूच्या टूथब्रशचेही पाहा. दांडा कुजतो, पण केस बहुधा नायलॉनचे असतात. त्यामुळे संपूर्ण ब्रशला ‘विघटनशील’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तक्रार कोठे करावी?

उत्तर (मिरज): प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार कलम १७ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. सोबत लेबलची छायाचित्रे आणि पावती जोडावी.