अमेरिका पश्चिमेकडे सरकली ती जमिनीसाठी की कापसासाठी?

धागालेखक : अमेरिकेच्या पश्चिम विस्तारामागे ईश्वरी योजनेवरील श्रद्धा होती, असे सर्रास लिहिले जाते. पण ती श्रद्धा सांगणारा ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ हा शब्दप्रयोग १८४५ मध्ये पुढे आला आणि तोवर सीमा मिसिसिपी नदी ओलांडून कधीच पलीकडे गेली होती. मूळ प्रेरणा व्यवहाराची होती. मिसिसिपीच्या मुखाजवळच्या न्यू ऑर्लिन्स बंदरात माल उतरवून ठेवण्याचा अमेरिकनांचा हक्क १८०२ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्याने काढून घेतला, तेव्हा ओहायो खोऱ्यातील शेतकऱ्यांचा विक्रीचा मार्गच धोक्यात आला. राष्ट्राध्यक्ष जेफरसनला हवे होते ते बंदर. हैतीतील गुलामांच्या उठावात हात पोळलेल्या नेपोलियनने १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला स्पेनकडून फ्रान्सकडे आलेला, मिसिसिपीच्या पश्चिमेचा अख्खा लुइझियाना प्रदेश देऊ केला. पुढे १८२० च्या कायद्याने ८० एकर सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने मिळू लागली. शंभर डॉलरमध्ये स्वतःची शेती, याहून मोठे आमिष कोणते?

प्रतिसाद १ : शंभर डॉलर रोख, हे सांगायचे राहिले, त्याच कायद्याने उधारीची सोय बंद केली होती. लहान शेतकऱ्याचे हे चित्र मोहक असले, तरी दक्षिणेत त्याच्यापुढे कापूस धावत होता. व्हिटनीच्या सरकी काढण्याच्या यंत्राने (१७९३) आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला आणि मळेवाल्यांना नवी जमीन हवी झाली. १८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहात क्रीक या मूलनिवासी लोकांची दोन कोटींहून अधिक एकर जमीन गेली, आणि त्यात अमेरिकन सेनापती जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही होती! मिसिसिपी (१८१७) आणि अलाबामा (१८१९) ही गुलामगिरीची राज्ये या पट्ट्यात उभी राहिली. व्हर्जिनियातील गुलाम विकून तिकडे धाडले गेले.

प्रतिसाद २ : आपण दोघेही बाजाराला कर्ता करता आणि शासनाला मोकळे सोडता. फेब्रुवारी १८०३ मध्ये, म्हणजे लुइझियानाचा करार होण्यापूर्वी, जेफरसनने इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर हॅरिसन याला पत्राने कळवले होते की सरकारी व्यापारी ठाण्यांवर मूलनिवासींच्या म्होरक्यांना कर्जात अडकू द्यावे, म्हणजे ते फेडण्यासाठी जमीन देतील. सावकारी पाहिलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती उलगडून सांगायला नको. चेरोकी या मूलनिवासींनी तर स्वतःची लिपी, १८२७ चे संविधान, १८२८ चे वृत्तपत्र असे ‘सुधारणे’चे सर्व निकष पुरे केले, आणि १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे त्यांच्या प्रदेशात गैरलागू ठरवले. तरीही १८३८-३९ मध्ये त्यांना हाकलले गेले. सुमारे ४,००० माणसे दगावल्याचे मानले जाते. जमीन कसणारा शेजारीही ज्यांना नको होता, त्यांचा हेतू निव्वळ शेतीचा कसा म्हणावा?

धागालेखक : पत्राचा मुद्दा मान्य, आणि दक्षिणेपुरता कापसाचाही. पण ओहायो नदीच्या उत्तरेस १७८७ च्या अध्यादेशाने गुलामगिरीला बंदी होती. तरी हॅरिसन १८११ मध्ये टिपेकनू येथे मूलनिवासींवर चालून गेला आणि इंडियाना, इलिनॉय भरत गेले. तिथे कोणता कापूस होता?

प्रतिसाद १ : कापूस नव्हता, मका आणि डुकरे होती. ती आपल्याच न्यू ऑर्लिन्सच्या वाटेने नदीतून खाली जात, आणि त्यातला काही भाग वाटेतल्या कापसाच्या मळ्यांवर खपत असे.