‘खात नाही’, ‘चालत नाही’, ‘सोडलं’ : शाकाहारी, निरामिष, वशाट वगैरे शब्दांविषयी

विचारणा

आमच्या घरी सगळे खातात. मी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, गुरू केला नव्हता, लग्न होऊन न खाणाऱ्या घरात गेले असंही नाही. मला नको वाटायला लागलं, विचार केला आणि थांबले. आता कुठे जेवायला बोलावलं की ‘मी शाकाहारी आहे’ असं आधीच कळवते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘तुमच्यात खात नाहीत का?’ मी म्हणते, खातात, मी खात नाही. मग समोरचा विचारतो, ‘म्हणजे आज वार आहे?’

यावरून डोक्यात घोळत असलेलं विचारते. जन्मापासून न खाणारा आणि स्वतः ठरवून सोडणारा, यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का? शाकाहारी आणि निरामिष यांत फरक करावा का? अंडं खाणाऱ्याला काय म्हणायचं आणि दूधही न घेणाऱ्या व्हीगनला काय? शिवाय माझी मावशी दर वेळी म्हणते, ‘फोडी काढून देते, नुसता रस्सा घे.’ तिच्या मते रस्सा घेतला तरी मी शाकाहारीच राहते. यात शब्दाचा दोष आहे की मावशीचा, तेही सांगा.

प्रतिसाद : शाक आणि आमिष

शाक म्हणजे भाजी, त्यातही पालेभाजी. शब्दाला धरून बसलं तर शाकाहारी म्हणजे भाजी खाणारा. भाकरी, भात, डाळ, दूध यांना या शब्दात जागाच नाही, तरी ती सगळी आपण बिनतक्रार त्यात बसवली आहेत. तेव्हा व्युत्पत्तीच्या जोरावर कुणाला ‘तू खरा शाकाहारी नाहीस’ म्हणता येणार नाही.

आमिष या शब्दाचा प्रवास जास्त रंजक आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, आणि शिकारीला भुलवण्यासाठी ठेवलेलं भक्ष्यही. मराठीने दुसरा अर्थ उचलला. नोकरीचं आमिष, पैशाचं आमिष, आमिषाला बळी पडणे हे आपण रोज वापरतो, पण ‘आज घरी आमिष केलंय’ असं कुणी म्हणत नाही. मांस हा अर्थ फक्त सामिष-निरामिष या जोडीत उरला आणि ती जोडी छापील मराठीतच भेटते. म्हणूनच ‘निरामिष’ कानाला थोडा लांबचा वाटतो. बंगालीत मात्र तो स्वयंपाकघरातला शब्द आहे, आणि परंपरेने तिथल्या निरामिष स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो. शब्द तोच, पण कुंपण वेगळ्या जागी. ‘निरामिष म्हणजे शाकाहारी, विषय संपला’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शाळेच्या विज्ञानात तिसरा शब्द शिकवतात. गाय शाकाहारी, वाघ मांसाहारी, अस्वल मिश्राहारी. त्या हिशेबाने रविवारी मटण आणि बाकीचे सहा दिवस वरण-भात खाणारा माणूस मिश्राहारी ठरायला हवा. पण त्याला कुणीच तसं म्हणत नाही, तो मांसाहारीच. माणसांच्या बाबतीत हे शब्द ताटात काय किती आहे ते मोजत नाहीत, एक रेघ आखतात आणि तुम्ही तिच्या अलीकडे की पलीकडे एवढंच विचारतात. तुमची अडचण तिथूनच सुरू होते, कारण ती रेघ बहुतेकांच्या मनात घराण्याभोवती असते, माणसाभोवती नसते.

प्रतिसाद : वशाट आणि शिवराक

आमच्या बाजूला मासे-मटणाला एकत्र शब्द आहे ‘वशाट’. ‘वशट वास’ म्हणतात तो त्याच घरातला. आज वशाट आहे, उद्या वशाट नाही. आणि कोकणी बोलणारे न खाण्याच्या जेवणाला ‘शिवराक’ म्हणतात. त्याचं नातं जैनांच्या ‘श्रावक’ शब्दाशी सांगतात.

दोन्ही शब्द कसे वापरले जातात ते बघा. आम्ही ‘सोमवारी शिवराक’ म्हणतो, ‘तो शिवराक माणूस’ असं क्वचितच. शाकाहारी असतो तो दिवस. ‘आज वार आहे’ हे त्याच चालीचं. एकच माणूस सोमवारी न खाणारा आणि बुधवारी खाणारा असतो, आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही. तुम्हाला ‘आज वार आहे का’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आयुष्यभराचा वार त्याच्या कल्पनेत बसत नाही एवढंच.

प्रतिसाद : ताई, नाम सोडा, क्रियापद धरा

मला वाटतं तुम्ही चुकीच्या कप्प्यात शोधताय. मराठीने हा सगळा व्यवहार क्रियापदांवर सोपवला आहे आणि तिथे ती फार काटेकोर आहे.

पहिलं ‘खाणे’. ‘तुम्ही खाता का?’ या प्रश्नाला कर्म नाही. जेवतो तर प्रत्येकजण, तरी मराठी माणसाला तो प्रश्न नेमका कशाबद्दल आहे हे कळतं. ‘घेता का?’चं तसंच. उत्तर देताना ‘मी खात नाही’, ‘आम्ही खात नाही’ आणि ‘आमच्यात खात नाहीत’ ही तीन वेगळी विधानं आहेत. तिसऱ्यात बोलणारा स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, जातीबद्दल सांगतो. बाहेर जाऊन मिटक्या मारत खाणारासुद्धा ‘आमच्यात खात नाहीत’ हे अगदी खरेपणाने म्हणू शकतो.

दुसरं ‘चालणे’. ‘मला मासे चालतात’ या वाक्यात मासे कर्ता आहेत आणि मी नुसता ‘मला’. परवानगी कुठून आली हे वाक्य सांगत नाही. ती आजीची असेल, डॉक्टरांची असेल, देवाची असेल. ‘वर्ज्य आहे’ तर पूर्णच बाहेरून आलेलं. ‘बंद केलं’ म्हटलं की ऐकणारा पथ्य समजतो आणि तब्येतीची चौकशी करतो.

तिसरं, आणि तुमचं, ‘सोडणे’. ‘तिने मटण सोडलं’ म्हटलं की आधी खात होती, आता नाही आणि सोडणारी तीच, या तिन्ही गोष्टी आल्या. ‘तिचं मटण सुटलं’ म्हणा, लगेच जबाबदारी तिच्यावरून उतरते : परगावी राहिली, करणारं कुणी नव्हतं, सवय मोडली. सोडणे आणि सुटणे यांतला हा फरक मराठीला फुकट मिळालेला आहे, तो वापरावा.

एक गंमत मात्र सांभाळायला हवी. मटण सोडलं म्हणजे खाणं थांबलं, उपास सोडला म्हणजे खाणं सुरू झालं. आणि श्रावण सुटला म्हणजे काय झालं ते सांगायला नको. सोडायची वस्तू बदलली की दिशा उलटी होते. त्यामुळे अर्धवट ‘मी सोडलं’ म्हणून थांबू नये, काय सोडलं ते म्हणावं.

प्रतिसाद : एक नाम आहे की

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण नाम अजिबातच नाही असं नाही. ‘माळकरी’ आहे. वारकरी संप्रदायाची तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस आणि दारू सुटते, आणि ती माळ माणूस स्वतः ठरवून घालतो. सगळं घर खाणारं आणि त्यात एकटे आजोबा माळकरी, हे दृश्य गावोगाव आहे. त्यांचं तवा-पातेलं वेगळं, त्यांचं कालवण आधी. त्यांना कुणी ‘तुमच्यात खात नाहीत का’ असं विचारत नाही. ‘माळ घातलीय’ एवढं पुरतं. एका माणसाच्या निर्णयाला इतका सहज मान देणारा दुसरा शब्द मला आठवत नाही.

अडचण उघड आहे : माळेबरोबर पंढरी येते. ज्यांची ती श्रद्धा नाही त्यांनी शब्द उसना घेणं बरं नाही, माळ घातलेल्यांच्या दृष्टीनेही नाही. इंग्रजीचीही एके काळी अशीच स्थिती होती. तिकडे मांस न खाण्याला बराच काळ पायथागोरसचा आहार म्हणत, म्हणजे निर्णयाला नाव गुरूचं. १८४७ साली इंग्लंडमध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली आणि गुरूशिवाय वापरता येणारा शब्द पक्का झाला. आपल्याकडे ‘शाकाहारी’ हा गुरूविना शब्द आला खरा, पण त्याला घराणं चिकटलं.

प्रतिसाद : मावशीचा रस्सा

रश्श्याच्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो, कारण हाच प्रश्न गांधीजींना पडला होता आणि त्यांनी तो शब्दार्थाचा प्रश्न म्हणूनच सोडवला.

१८८८ साली विलायतेला निघताना आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना शपथ दिली, त्यात मांसाला शिवणार नाही हे होतं. लंडनमध्ये शाकाहारावरची पुस्तकं वाचताना त्यांना मांसाच्या तीन व्याख्या भेटल्या. एकीत पशुपक्ष्यांचंच मांस हे मांस, मासे चालत. दुसरीत सगळ्या प्राण्यांचं मांस वर्ज्य, पण अंडी चालत. तिसरीत दूधसुद्धा वर्ज्य. पहिली व्याख्या धरली असती तर अंडी आणि मासे दोन्ही खायला ते मोकळे होते. त्यांनी काही काळ अंडी घेतलीही. मग त्यांनी ठरवलं की शपथेतल्या शब्दाचा अर्थ शपथ घेणाऱ्याने सोयीने लावायचा नसतो, देणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं. आईच्या मनातल्या मांसात अंडं होतं. झालं, अंडी सुटली, आणि त्यापाठोपाठ अंडं घातलेली पुडिंगं आणि केकही. खानावळीत प्रत्येक पदार्थात काय काय आहे ते विचारत बसावं लागे.

पुढे १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडलं. १९१८ मध्ये मोठं दुखणं आलं, शरीर भरून येईना, तेव्हा कस्तुरबांनी मुद्दा काढला की शपथ घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, शेळीच्या दुधाला हरकत काय? ते शेळीचं दूध प्यायले. पण आत्मकथेत स्पष्ट लिहून ठेवलं की शब्द पाळला गेला, आशय मोडला, आणि ती टोचणी राहिली.

आता तुमचा रस्सा. तुम्हाला कुणी शपथ दिलेली नाही, देणाऱ्याही तुम्हीच आणि घेणाऱ्याही. म्हणजे ‘मांस’ या शब्दाचा अर्थ ठरवायचा अधिकार फक्त तुमचा. मावशींची व्याख्या फोडीपुरती आहे. ती चुकीची नाही, पण ती तुमची नाही. शब्दाचा दोष नाही, मावशींचाही नाही.

प्रतिसाद : अंडं, व्हीगन, आणि ‘शुद्ध’बद्दल

अंड्यासाठी नवं नाव घडवू नये. ‘अंडाहारी’ ऐकवत नाही. ‘अंडं खातो, बाकी नाही’ यात काय कमी आहे? आपल्याकडे पाकिटांवरच्या खुणांपुरता हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे : दूध हिरव्या ठिपक्यात, अंडं मांसाहारी खुणेत. ती खूण आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण असते. पण ती पाकिटाची व्याख्या आहे, माणसाची नव्हे.

व्हीगन हा शब्द १९४४ सालचा. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या मंडळींनी व्हेजिटेरियन या शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून तो केला. त्याला ‘पूर्ण शाकाहारी’ किंवा ‘वनस्पत्याहारी’ म्हणावं असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. व्हीगन माणूस चामड्याचा पट्टा आणि रेशमी साडीही नाकारतो. ‘आहारी’ शेपटीचा कुठलाही शब्द त्याला ताटातच कोंडेल. व्हीगनच ठेवावा, मराठीने टेबल ठेवलं तसा.

आता ‘शुद्ध शाकाहारी’बद्दल, आणि हे मी कळवळून लिहितेय. शुद्ध तूप म्हणताना भेसळ नाही हा अर्थ असतो. शुद्ध शाकाहारी म्हणताना तोच अर्थ अभिप्रेत असेल, पण ऐकणाऱ्याला उरलेले अशुद्ध ऐकू येतात. मासे विकून, कोंबड्या पाळून पोट भरणाऱ्या माणसाने हा शब्द पाटीवर रोज वाचायचा. ‘अभक्ष्यभक्षण’ हा त्याचाच मोठा भाऊ, खाणाऱ्याला आधीच दोषी ठरवणारा. हॉटेलवाल्यांना सांगायचं असतं की एकाच भट्टीवर दोन्ही होत नाही. मग ‘फक्त शाकाहारी’ लिहा. अर्थ पूर्ण पोचतो आणि कुणाला लागत नाही. ‘नॉनव्हेज’चंही तेच, नकारातून घडलेला शब्द. चावट विनोदाला आपण नॉनव्हेज म्हणतो यावरूनच तो कुठे जाऊन बसलाय ते कळतं.

विचारणा करणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. मी यापुढे ‘मी मांस-मासे सोडलेत’ असं म्हणणार, आणि मावशीला ‘रस्साही सोडलाय’. अंडं अजून ठरलेलं नाही, त्याला ‘खाते’च म्हणेन.

एकच राहिलं. माझ्या मैत्रिणीचं उलट आहे. न खाणाऱ्या घरातली, आता आवडीने मासे खाते. तिच्या आजी ‘बाटली’ म्हणतात. दुसरं काही?

प्रतिसाद

‘खायला लागली.’ बोलणारे हेच म्हणतात आणि यात दोष देणं नाही. ‘बाटली’ हे आजींनी रागाने म्हटलं असेल तर म्हणू दे, पण तुम्ही-आम्ही लिहिताना वापरू नये. आणि ‘सुरू केलं’ही नको, त्याने औषधाच्या गोळ्या वाटतात.