उन्हाळ्यातले इन्सुलिन आणि कापलेली स्ट्रिप: मेडिकलचा दर्जा कशावरून ओळखावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)

माझी आई रोज दोन वेळा इन्सुलिन घेते. गेल्या आठवड्यात, पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असताना, मी नेहमीच्या दुकानातून इन्सुलिनची व्हायल आणली. दुकानदाराने ती ज्या फ्रीजमधून काढली त्यात थंड पेयांच्या बाटल्या दाटीवाटीने भरल्या होत्या, त्यामुळे दार सारखे उघडले जात होते. व्हायल मला साध्या कागदी पुडीत मिळाली. रक्तदाबाच्या पाच गोळ्या मागितल्या, तर स्ट्रिप अशी कापली की मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक दुकानातल्या तुकड्यावरच राहिले. बिल मागितल्यावर ‘रोजचेच गिऱ्हाईक, बिल कशाला?’ असे उत्तर आले. त्यानंतर आईची साखर वाढलेली दिसते; तिचे कारण ते इन्सुलिनच आहे असा माझा दावा नाही, परंतु दुकानाचा दर्जा सामान्य माणसाने कसा पारखावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 (फार्मासिस्ट, विजापूर रस्ता)

आपण सांगितलेल्या गोष्टींत फ्रीजची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. उष्णतेने त्याची ताकद कमी होत जाते. आणि ते एकदा गोठले, तर वितळल्यावर वरून चांगले दिसले तरी वापरण्यालायक राहत नाही, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली व्हायलही तितकीच संशयास्पद समजावी. नीट चालणाऱ्या दुकानात औषधांच्या फ्रीजमध्ये तापमापक असतो, त्याची नोंद दिवसातून दोनदा वहीत होते आणि खाण्यापिण्याच्या वस्तू तिथे ठेवल्या जात नाहीत. ती वही दाखवा म्हणून विनंती करायला हरकत नाही. मला कोणी विचारले तर मी आनंदाने दाखवतो. फ्रीजबाहेरच्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावरही 25 किंवा 30 अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, आणि मे महिन्यात पत्र्याखालचे दुकान दुपारी किती तापते हे सोलापूरकराला सांगायला नको. अशा दुकानात एसी ही चैन नव्हे.

कापलेल्या स्ट्रिपचे म्हणाल, तर तारखेचे टोक शेवटपर्यंत दुकानात राहणे योग्यच आहे, कारण उरलेल्या गोळ्यांची मुदत त्यावरूनच कळते. पण मग ती माहिती गिऱ्हाइकाला बिलावर मिळाली पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेल्या औषधाच्या नोंदीत उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक व मुदत असावी, अशी 1945 च्या औषध नियमांतील अट आहे. उद्या एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली, तर आपल्या घरातल्या पाच गोळ्या त्यातल्याच आहेत की नाहीत, हे त्या कागदाखेरीज कळणार नाही.

उत्तर 2 (औषध दुकानाचे मालक, अशोक चौक परिसर)

दुकानदाराची बाजूही मांडतो. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत पाच-पाच गोळ्या मागणारे लोक रोज येतात. पूर्ण स्ट्रिप त्यांच्या खिशाला परवडत नाही, त्यामुळे कापणे थांबणार नाही. मात्र संगणकावर बिल करणाऱ्याला बॅच छापण्यासाठी वेगळा खर्च येत नाही, तेव्हा ‘रोजचेच गिऱ्हाईक’ हे उत्तर मलाही पटलेले नाही.

परवाना गिऱ्हाइकाला दिसेल अशा ठिकाणी लावलेला आहे का, ते पाहावे. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. तो आत्ता हजर आहे का, हे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. आणखी एक खूण सांगतो. शेड्यूल एच-१ (औषध नियमांतील, जास्त काटेकोरपणे विकायच्या औषधांची यादी) मधील औषधांची, ज्यांत बरीच प्रतिजैविके येतात, स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. जे दुकान चिठ्ठी न पाहता ही औषधे देते, त्याच्या फ्रीजच्या वहीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उत्तर 3 (निवृत्त परिचारिका)

दुकानाइतकीच घरापर्यंतची वाटही महत्त्वाची आहे. थर्मासमध्ये आइस पॅक टाकून व्हायल फडक्यात गुंडाळावी, म्हणजे तिला बर्फाचा थेट स्पर्श होणार नाही. उघडलेली व्हायल साधारण चार आठवडेच वापरतात, त्यामुळे उघडल्याची तारीख खोक्यावर लिहावी. फ्रीज नसलेल्या घरांना आम्ही एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरायला आणि व्हायल आतल्या मडक्यात ठेवायला सांगत असू. स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा दुधाळ प्रकारातल्या गुठळ्या हलक्या हाताने फिरवूनही मोडल्या नाहीत, तर ते टोचू नये. आईंची साखर वाढली असल्यास डोस स्वतः न वाढवता आधी डॉक्टरांना व्हायल दाखवावी. दर्जाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. डॉक्टरांनी ती व्हायल बाजूला ठेवायला सांगून नवी लिहून दिली. ती दुसऱ्या दुकानातून, सायंकाळी सातनंतर, थर्मास घेऊन आणली. तिथे फ्रीजच्या दारावर नोंदींचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर त्याच दिवशीच्या सकाळची नोंद होती. जुन्या दुकानदाराकडे रक्तदाबाच्या गोळ्यांचे बिल पुन्हा मागितले. कुरकुर करत का होईना, बॅच क्रमांकासह दिले.