१९४८ ची क्रायस्लर न्यू यॉर्कर दुपारच्या उन्हात बंद पडते. ६ व्होल्ट ठेवावं की १२ करावं?

गोदाकाठ (जालना):
नमस्कार मंडळी. गाडी १९४८ ची न्यू यॉर्कर. सरळ रांगेतलं आठ सिलिंडरचं इंजिन, ३२३.५ घनइंची, साइड व्हॉल्व्ह. फ्लुइड ड्राइव्ह (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारी जोडणी) शाबूत आहे, गिअरबॉक्स आपोआप वरचा गिअर घेतो. सकाळी सातला जालना सोडलं तर संभाजीनगरपर्यंत काही तक्रार नसते. अकरानंतर निघालं की बदनापूर ओलांडताच झटके खाते आणि बंद पडते. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की चालू होते, पण सेल्फ रडत रडत फिरतो. टेंपरेचरचा काटा मात्र मधेच असतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी, टाकीत पंपावरचं साधं पेट्रोल. गॅरेजवाले म्हणतात १२ व्होल्ट करून टाका, सगळं सुटेल. करावं का?
दुसरं, डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचे बोल्ट लांब पाइप लावूनही हलेनात. एक तुटला. आणि नवीन नोंदणीचं काय करायचं असतं?

सरळआठ (लातूर):
आधी त्या चाकावरचा पाना काढून ठेवा! त्या काळच्या क्रायस्लरच्या डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटतात. जितका जोर लावाल तितके आवळत जातील. डोक्यावरची माती तारेच्या ब्रशने काढा, बहुतेकांवर इंग्रजी ‘एल’ दिसेल. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढताना टर्नरलाही आधी उलटे आटे आहेत हे सांगा, नाहीतर तो सरळ आट्याचा टॅप घालून हब घालवेल.

१२ व्होल्ट करू नका. या गिअरबॉक्सचा सोलेनॉइड (विजेवर गिअर हलवणारं चुंबक), रिले आणि गव्हर्नर (वेग ओळखणारा स्विच) ६ व्होल्टवर चालतात. खालचा गिअर पडताना इग्निशन क्षणभर तोडणारी जोडणीही त्याच सर्किटमध्ये आहे. बल्ब बदलता येतात, सोलेनॉइड जळला की पंचाईत. वरच्या रेंजमध्ये ताशी २२-२३ किलोमीटरच्या पुढे पाय उचलला की ‘टक्’ करून चौथा गिअर पडतो, हेच तर या गाडीचं सुख आहे.

आता बंद पडण्याबद्दल. पेट्रोल येईना की करंट, हे जागेवरच ठरवा. एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडातून बघत हाताने ॲक्सिलरेटर दाबा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल येतंय, मग कॉइल आणि कंडेन्सरकडे बघा. धार उडालीच नाही तर इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाका. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर वाफ धरली होती असं समजा. आताचं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनतं. तिथे ते दाबाखाली असतं, त्यामुळे उकळत नाही. इथे पंप ते ओढून घेतो, म्हणून पाइपमध्येच त्याची वाफ होते.

काटा मधे आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याचा पाण्यात बसवलेला बल्ब (सेन्सर) एकाच जागचं तापमान सांगतो. गाडी तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडवर पहिल्या सिलिंडरपासून आठव्यापर्यंत आकडे घ्या आणि इथे टाका.

काळी माती (नांदेड):
सेल्फ रडतो ते केबलमुळे. ६ व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. दुकानात मिळणारी आजच्या कारची केबल १२ व्होल्टच्या हिशेबाची असते. १ व्होल्ट वाटेत गेला तर १२ मधला बारावा भाग जातो, ६ मधला सहावा. वेल्डिंगवाल्याकडून ७० चौ. मिमी तांब्याची केबल घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. थिंबल (केबलच्या टोकाची तांब्याची टोपी) दाबून बसवा. अर्थची केबल चेसीला न लावता थेट इंजिनला लावा, खालचा रंग खरवडून. मग सेल्फ मारताना मीटर बॅटरीच्या खिळ्यावर आणि सेल्फच्या बोल्टवर धरा. ०.३ व्होल्टच्या वर पडायला नको. अर्थच्या बाजूलाही तसंच मोजा.

ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, हेही तपासा. बॅटरी बदलताना सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावतात आणि गाडी चालतेही, कारण सेल्फ कसाही जोडला तरी त्याच दिशेला फिरतो. पण कॉइल उलटी पडते, ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते तापलेल्या कॉइलकडे नसतं.

गोदाकाठ:
सांगितलं तसं मोजलं. धार उडत नव्हती, ओल्या फडक्याने चालू झाली. केबलवर १.१ व्होल्ट पडतोय. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आहे, अँपिअरचा काटाही उलटा पळतो. हेड: पहिलं सिलिंडर ८४ अंश, चौथं ९१, आठवं १०९. बोल्ट उलटे फिरवल्यावर सुटले!

काळी माती:
बॅटरी फिरवा, पॉझिटिव्ह बॉडीला. कॉइलचं पॉझिटिव्ह टोक डिस्ट्रिब्यूटरकडे, निगेटिव्ह इग्निशनकडे. नंतर इंजिन चालू करण्याआधी रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर या दोन टोकांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवा. एक ठिणगी पडली की पुरे. हे विसरलात तर डायनामो जुन्याच दिशेने चार्ज करेल आणि रेग्युलेटरचे पॉइंट चिकटतील.

सरळआठ:
८४ आणि १०९ म्हणजे ब्लॉकमधली पाणी वाटणारी नळी गेली. वॉटर पंपाच्या मागून ब्लॉकच्या लांबीभर पत्र्याची चपटी नळी जाते. तिच्या फटींतून थंड पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांवर पडतं. बोअरच्या पाण्याने ती पुढच्या टोकाला गंजते, सगळं पाणी तिथेच सांडतं आणि मागचे सिलिंडर कोरडे भाजतात. अशीच चालवली तर सातव्या-आठव्याचे व्हॉल्व्ह जळतील.

रेडिएटर आणि पंप उतरवा. नळीच्या पुढच्या काठाला आकडा अडकवून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलवत ओढा. अख्खी निघणं कठीण, तुकडेच येतील. ते टाकू नका, जमिनीवर क्रमाने मांडून फोटो काढा, फटींचं तोंड कुठे होतं ते त्यावरूनच कळेल. बाजूचे डमी प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढून चपट्या तारेने तळचा गाळ उकरा. मागच्या टोकाला चिखलासारखा गच्च थर मिळेल. पितळेची किंवा स्टेनलेसची नळी घाला, फटी व्हॉल्व्हच्या सीटांकडे. उलटी बसली तर सगळी मेहनत वाया. रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, आणि यापुढे बोअरचं पाणी बंद: डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

बालाघाट (बीड):
पेट्रोलचं राहिलं. ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शुद्ध पेट्रोलला १ भागाला हवा १४.७ भाग लागते, याला साधारण १३.५. म्हणजे मेन जेटचं (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकाचं) क्षेत्रफळ साधारण ९ टक्के वाढवायचं, व्यासात फक्त ४ टक्के. जुनं जेट जपून ठेवा, दुसरं रीम करा. पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आणि होज इंजेक्शनच्या गाडीचा घाला. पाइप मॅनिफोल्डपासून लांब वळवा, मधे पत्रा लावा. टाकीजवळ ६ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप लावायचा तर दाब ४ पीएसआयच्या आत आणि पॉझिटिव्ह अर्थला चालणारा घ्या. महाग पेट्रोलची गरज नाही, या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७ च्या आत आहे.

नोंदणी: २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदते. परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २०. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या नोंदणीला ५,०००, मुदत ५ वर्षं. नंबरात ‘व्हीए’ येतं. पण नेहमीच्या ये-जा करण्यासाठी अशी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. मूळ रूपाची अट आहे, म्हणूनही १२ व्होल्टचा नाद नको.

सरळआठ:
चाक सुटलंय तर मागचा ड्रमही बघाल. तो निमुळत्या ॲक्सलवर चावीने बसलेला असतो, हातोड्याने निघत नाही. ॲक्सलच्या टोकावर ठोकलंत तर बेअरिंगं जातील. नट काढू नका, दोन आटे सैल करून तसाच राहू द्या, म्हणजे ड्रम सुटून अंगावर येणार नाही. तीन पायांचा पुलर हबला बोल्टने लावून ताणा आणि रात्रभर तसाच ठेवा. बहुतेक वेळा पहाटे ‘धाड्’ असा आवाज येतो.

गोदाकाठ:
पुलर लावलाय. नळीचे पाच तुकडे निघाले, सहावा आत अडकलाय, उद्या डमी प्लगच्या बाजूने बघतो. फोटो टाकतो.