आमवात + शुगर + मान, त्यात नवीन प्रोग्रेसिव्ह चष्मा. सवय होईल की परत नेऊ?

आखडूताई:
नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, बोटं चालतायत तोवर लिहून घेते. मला बरीच वर्षं आमवात आहे, रोजची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि दुखणं उसळलं की मधूनमधून स्टेरॉइड, त्या स्टेरॉइडच्या कृपेने शुगर कधी वर कधी खाली, आणि मानेचं तर विचारूच नका.

जुन्या चष्म्यावर ओरखडेच ओरखडे झाले होते आणि लांबचं धूसर दिसायला लागलं म्हणून नंबर काढला, चाळिशी आहेच तर प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) करून घेतला. मुळात डोळे तपासायला जाणं हीच एक मोहीम असते माझ्यासाठी. त्या मशीनवर हनुवटी टेकवून बसलं की मान पाच मिनिटांत कुरकुरायला लागते, आणि मग "ही काच बरी का ही? पहिली का दुसरी?" सुरू झालं की शेवटी शेवटी दोन्ही सारख्याच वाईट दिसत असतात, काय सांगणार कप्पाळ.

तर आता चष्मा आलाय. सकाळी लांबचं बरं दिसतं, दुपारनंतर धूसर. वाचायला हनुवटी वर करावी लागते, नाहीतर अक्षरं सापडतच नाहीत, संध्याकाळी मानेतून कळ थेट खांद्यात. कानामागे काडी रुतत होती म्हणून दुकानात सैल करून घेतली तर आता तो नाकावरून घसरतो. पुसायचं म्हटलं तर सकाळी कापड चिमटीत धरता येत नाही, मग तळहातावर कापड पसरून काच त्यावर फिरवते. दुकानात काहीही विचारा, एकच मंत्र, "सवय होईल". मला सवय करून घ्यायच्या गोष्टी आधीच भरपूर आहेत हो.

किती दिवस वाट बघायची? आणि हे नंबरमुळे होतंय, फिटिंगमुळे की माझ्याच तब्येतीमुळे, हे कसं ओळखायचं?

साखरसम्राट:
ताई, पहिला प्रश्न: नंबर काढला त्या आठवड्यात शुगर किती होती? मी स्वतः डायबेटिसवाला. शुगर चढली की डोळ्यातल्या भिंगाचं पाणी कमीजास्त होतं आणि नंबरच हलतो. बऱ्याचदा मायनसकडे सरकतो, आणि औषधाने शुगर झपकन खाली आली की उलटं प्लसकडे. मला औषधं नवीन सुरू झाली तेव्हा पेपर लांब धरून वाचायची वेळ आली, मला वाटलं गेले डोळे, डॉक्टर म्हणाले काही गेलं नाही, थांबा. तसा मामला असेल तर शुगर एका जागी बसल्यावर साधारण ४-६ आठवडे जाऊ द्यायचे आणि मग नंबर काढायचा, नाहीतर तुम्ही त्या आठवड्यापुरता चष्मा बनवून आणता. स्टेरॉइडचा कोर्स चालू असताना नंबर काढला असेल तर हाच संशय पहिला.

काचेपलीकडे:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा. तुमचे डोळे बघितलेले नाहीत, त्यामुळे फक्त वेगवेगळं कसं ओळखायचं तेवढं सांगतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये वर लांबचा नंबर, खाली वाचायचा आणि मध्ये एक अरुंद पट्टा. तो पट्टा तुमच्या बाहुलीच्या उंचीवरून मोजून बसवलेला असतो. फ्रेम घसरली की पट्टाही तिच्याबरोबर खाली जातो, दोन-तीन मिलिमीटरसुद्धा पुरतात, आणि मग वाचायचा भाग गाठायला हनुवटी वर करावी लागते. घरीच करून बघा: वाचताना चष्मा बोटाने थोडा वर उचलून धरा. हनुवटी न उचलता अक्षरं आली तर दोष फिटिंगचा, नंबरचा नाही. याला सवय होत नाही, मान मोडते फक्त. प्रोग्रेसिव्ह काचेवर अगदी बारीक कोरलेल्या खुणा असतात, त्यावरून दुकानदार पुन्हा मार्किंग करून तुमची बाहुली कुठे येतेय ते दाखवू शकतो. ते करूनच मागा, तोंडी आश्वासन नको.

आता दुपारचं धूसर. तेव्हा पापण्या चारपाच वेळा मिटून बघा. क्षणभर स्पष्ट होऊन परत धूसर झालं तर बहुधा डोळे कोरडे पडतायत, आमवातात हे फार कॉमन आहे. त्यावर चष्मा बदलून काही होणार नाही, थेंब लागतात. आणि डोळे कोरडे असताना काढलेला नंबरही डळमळीत येतो. पापणी मिटून फरक नाही पण एक दिवस असं, दुसऱ्या दिवशी तसं, तर शुगर.

नुसती सवयच व्हायची असेल तर बहुतेकांना साधारण दोन आठवड्यांत होते, कडेचं डोलणं, पायऱ्या उतरताना बिचकणं वगैरे रोज थोडं थोडं कमी होत जातं. तुमचं कमी होत नाहीये, म्हणून मी वाट बघणार नाही.

मानेवर_खडा:
मला स्पाँडिलोसिस. माझं मत ऐकायला आवडणार नाही कुणाला, पण मान खराब असलेल्याने दिवसभर कॉम्प्युटरसमोर प्रोग्रेसिव्ह घालूच नये. स्क्रीन असते डोळ्यासमोर, तिचा नंबर काचेत खाली, मग आपण कासवासारखी मान पुढे काढून हनुवटी वर. स्क्रीनच्या अंतराचा वेगळा साधा सिंगल व्हिजन (एकाच नंबरचा) चष्मा करून घ्या, टेबलावरच पडून राहू दे. माझी मान यानेच निम्मी शांत झाली. दोन चष्मे सांभाळायचा वैताग आहे, मान्य.

आणि ते "पातळ काच घ्या" म्हणून गळ घालतात ना, नंबर दोनच्या आत असेल तर काही गरज नसते. साध्या प्लास्टिकच्या काचेतून कडेला रंग कमी फाटतात, पॉलिकार्बोनेटमध्ये जास्त.

अंधारप्रेमी:
मायग्रेनवाली इथे. काडी रुतण्याबद्दल: सैल करणं हा उपायच नाही, मग तो घसरणारच. काडीचा वाक कानाच्या मागे बरोबर जागी यायला हवा, त्याच्या आधी वाकवली असेल तर रुतते. टोकाला सिलिकॉनची टोपी मिळते आणि नाकाला मोठे मऊ पॅड, शिवाय हलकी टायटॅनियम फ्रेम घेतली की वजनच कळत नाही. माझ्या आधीच्या जाड फ्रेमने कानशिलावर असा दाब यायचा की मायग्रेन कुठला आणि चष्म्याचा ठणका कुठला ते समजायचं नाही.

उजेड सहन होत नसेल तर घरात काळा चष्मा लावून बसू नका, डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधी ट्यूबही टोचते. गुलाबीसर छटेची एफएल-४१ काच काहींना मानवते, मला मानवली.

आखडूताई:
बापरे, सगळ्यांना धन्यवाद. बोटाने उचलून बघितलं, अक्षरं लगेच आली, हनुवटी जागच्या जागी! उद्या मार्किंग मागणार. पापण्या मिटल्यावर थोडं उजळतं पण पूर्ण नाही. आणि शुगरचं, नंबर काढला तेव्हा स्टेरॉइड चालूच होतं, मला कुणी विचारलंही नव्हतं.

दोन शंका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी डोळे तपासायचे असतात ना, ते या नंबरच्या तपासणीत झालंच असेल का? आणि दमलेली असताना ते पहिली-दुसरी कसं निभवायचं?

काचेपलीकडे:
नाही, ते यात होत नाही. नंबर काढणं वेगळं आणि डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासणं वेगळं. त्या गोळीसाठी ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा फोटो) आणि व्हिज्युअल फील्ड (नजर समोर ठेवून कुठवरचं दिसतं ती चाचणी) लागतं: सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी, आणि ५ वर्षं झाली की दरवर्षी ओसीटी आणि फील्ड. किडनीचा त्रास असेल किंवा डोस वजनाच्या मानाने जास्त असेल तर आधीपासूनच दरवर्षी. नंबर एकदम छान येऊनही पडद्यावर परिणाम सुरू झालेला असू शकतो, म्हणून "चष्मा लागला, दिसतंय" यावर थांबू नका. स्टेरॉइडमुळे मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब, तेही बघून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की ४ ते ६ तास जवळचं धूसर आणि उजेड टोचतो, सोबत कुणीतरी न्या. नंबर थेंबांच्या आधी काढायला सांगा.

आणि दमल्यावर "दोन्ही सारखंच" हे चालणारं उत्तर आहे, तेच सांगा. उगाच एक निवडायची सक्ती नाही. मध्ये डोळे मिटून मान मोकळी करायला थांबवा, किंवा मशीनऐवजी ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची चाचणीची फ्रेम) लावून करायला सांगा, म्हणजे हनुवटी टेकवायला नको.

अचानक डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं, विजा चमकल्यासारखं, एकदम ढीगभर काळे ठिपके किंवा सरळ रेषा वाकड्या दिसल्या तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

साखरसम्राट:
जाताना औषधांची पूर्ण यादी कागदावर न्या, डोसासकट. अ‍ॅलर्जीच्या गोळीनेसुद्धा डोळे कोरडे होतात, पण ती गोळी "औषध" म्हणून कुणी सांगतच नाही.

अंधारप्रेमी:
सकाळी बोटं आखडत असतील तर अकरानंतरची वेळ घ्या. जुना चष्मा देऊन टाकू नका, दुकानवाला नवीन काचा बदलायला पाठवेल तेव्हा तोच घालायचाय. आणि पुसायला कापड सोडा, कोमट पाण्याखाली धरून साबणाचा एक थेंब तळहाताने फिरवा, चिमटीची गरजच नाही. फक्त गरम पाणी नको, कोटिंग जातं.

आखडूताई:
अकरानंतरची मिळाली, परवाची. स्टेरॉइडचा कोर्स संपायला अजून आठवडा आहे, तेव्हा परवा फक्त फिटिंग आणि मार्किंग, नंबर नाही. तो शुगर बसल्यावर, पडद्याच्या तपासणीबरोबरच. स्क्रीनचा चष्माही तेव्हाच, पण अंतर कसं मोजायचं, बसल्यावर डोळ्यापासून की टेबलाच्या कडेपासून?

मानेवर_खडा:
डोळ्यापासून. नेहमी बसता तसंच बसा आणि दुसऱ्या कुणालातरी टेप धरायला सांगा, स्वतः मोजायला गेलं की माणूस पुढे वाकतो.