पहिल्या गिअरवर गाडी उचलताना थरथरते, क्लच सेट नवाच आहे (मदत हवी आहे)

बीडकर:
गाडी 1.2 लिटर पेट्रोल, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, केबलचा क्लच, 86,000 किमी. पावसाळ्याआधी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), रिलीज बेअरिंग बदललं. फ्लायव्हीलला (इंजिनसोबत फिरणारी जड चकती, क्लच प्लेट हिलाच धरते) हात लावलेला नाही. आता पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला क्लच अर्धा सुटला की अख्खी गाडी थडथडते, डॅशबोर्डसुद्धा वाजतो. पूर्ण सुटला की काहीच नाही. सकाळी थंड असताना कमी, मांजरसुंब्याचा घाट चढून आल्यावर किंवा मोंढ्यातल्या गर्दीत रांगत गेल्यावर जास्त. मेकॅनिक म्हणतो प्लेट खराब निघाली, दुसरी टाकू. गिअरबॉक्स परत उतरवायच्या आधी काय तपासू?

जालनेकर:
भाऊ, प्लेट एवढ्यात विकत घेऊ नका. थरथर फक्त अर्ध्या क्लचवर आहे, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा) बाजूला ठेवा. तो खराब असता तर क्लच पूर्ण सुटल्यावरही अॅक्सिलरेटर दिला की गाडी थरथरली असती. न्यूट्रलला आयडलवर (अॅक्सिलरेटर न देता) इंजिन मिस मारतंय, म्हणजे मधेच अडखळतंय का तेवढं बघा. मारत असेल तर आधी प्लग आणि कॉइल.

मग माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी आधार. सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक घट्ट, बॉनेट उघडं. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, बघणारा बाजूला. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा, इंजिन दबायला लागलं की लगेच परत दाबा. मग रिव्हर्सला तसंच. इंजिन थोडं कलतंच, ते चालतं. उडी मारून आपटलं तर माउंटिंगचं रबर फाटलंय. खालच्या टॉर्क रॉडचा (इंजिन कलण्यापासून आवरणारा दांडा) रबरी बुश टॉमी (लोखंडी सळई) लावून हलवून बघा, तो हमखास नजरेतून सुटतो. केबलही बघा: पेडल अडकत-अडकत वर येत असेल तर क्लच झटक्यानं धरतो.

लातूरकर:
वरचं सगळं बरोबर आहे, पण तापल्यावर थरथर वाढते हे वाचून माझा संशय फ्लायव्हीलवर आणि प्लेटवर उडणाऱ्या तेलावर आहे. जुनी प्लेट घासत-जळत गेली असेल तर फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग पडतात. तिथलं लोखंड कडक होतं, तापल्यावर फुगतं, आणि नवी प्लेट एका फेऱ्यात कुठं धरते, कुठं सुटते. पॉलिश पेपर मारून हे जात नाही. डायल गेज लावून फ्लायव्हीलचा रनआउट (फिरताना चेहरा किती डुलतो ते) मोजायला सांगा, 0.1 मिमीच्या वर गेला की शंका घ्या, नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. फेसिंग (चेहरा सपाट करणं) सरफेस ग्राइंडरवर करून घ्या. लेथवर गोल रेघा राहतात आणि कडक डागावरून टूल उडतं, तिथं उंचवटा राहतो. केसासारख्या भेगा खोल असतील तर फ्लायव्हील नवंच.

बसवतानाच्या चुकाही थरथर देतात. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन त्याच्या शाफ्टवरून प्लेटवर लोंबलं तर प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण आवळले तर कव्हर तिरकं बसतं. समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. डॉवेल पिन (गिअरबॉक्स नेमका जागेवर आणणारी खुंटी) हरवलेली असली तर गिअरबॉक्स मधोमध बसतच नाही.

बीडकर:
माउंटिंग आणि टॉर्क रॉड ठीक निघाले, केबल मऊ आहे. मात्र इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली ओल दिसते. बोटाला लावून वास घेतला तर गंधकासारखा उग्र.

लातूरकर:
तो गिअर ऑइलचा वास. इंजिन ऑइल काळं असतं आणि जळकट वास मारतं. म्हणजे गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट सील (क्लचकडच्या शाफ्टभोवती तेल अडवणारं) गेलंय आणि तेल प्लेटवर उडतंय. आता प्लेट बदलावीच लागेल, लाइनिंगमध्ये (प्लेटच्या घासणाऱ्या थरात) मुरलेलं तेल पेट्रोलनं धुऊन निघत नाही. पण सील न बदलता नवी टाकली तर तीही अशीच जाईल. सील बसवण्याआधी शाफ्टवर सीलच्या ओठानं खाच पाडली आहे का नखानं बघा. गिअरबॉक्स खाली आहे तोवर इंजिनच्या क्रँकचं मागचं सीलही बदलून घ्या, वेगळी मजुरी पडत नाही.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा चेहरा ब्रेक क्लीनरनं पुसा. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तोही काढा. शाफ्टच्या स्प्लाइनला (प्लेट बसते त्या खाचांना) ग्रीस अगदी पातळ, वरचं फडक्यानं पुसून. गिअर ऑइल लेव्हलच्या बोल्टपर्यंत भरा. पहिले 400-500 किमी घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा.