शब्दचर्चा : वस्ती म्हणजे नेमकं काय?

गेल्या महिन्यात दोन पुस्तकं सोबतच वाचून रायली, दिवसा वेळ भेटला की लीळाचरित्र आणि रात्री पोराले झोपवताना हॉबिट, टॉल्किनची कादंबरी. हॉबिट इंग्रजीतून, मोबाईलवर डिक्शनरी उघडी ठेवून, आणि पोराले आपल्या भाषेत सांगत सांगत. तर अडकली कुठं, गॅन्डाल्फ जादूगार, तेरा बुटके आणि गोष्टीचा नायक बिल्बो हे सगळे वाटेनं चाललेत, अंधार पडला की कुठंतरी थांबतात, सकाळी उठून पुढं निघतात, तर त्या थांबण्याले मराठीत काय म्हणू? कॅम्प म्हटलं की शाळेचं शिबिर डोळ्यासमोर येते, छावणी म्हटलं की फौज किंवा मग दुष्काळातली गुरं.

अन् शब्द दुसऱ्या पुस्तकात होता. लीळाचरित्रात कितीतरी लीळांचं नावच "अमक्या गावी वसति" असं आहे. चक्रधरस्वामी सारखे फिरतीवर, एक रात्र थांबले ती वसति, जास्त दिवस राहिले ते अवस्थान, नुसते बसले ते आसन. महानुभावांच्या स्थानपोथीत या जागा अशाच वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. म्हाइंभटांनी लीळाचरित्र साधारण 1278 च्या सुमाराला रिद्धपुरात लिहिलं, आणि ते रिद्धपूर आमच्या गावाहून गाडीवर अर्ध्या तासावर, तरी हा शब्द मी आतापर्यंत तसा ऐकलाच नव्हता असं मला वाटत होतं.

पण ऐकला होता ना! आमच्याकडे रात्री जी शेवटची यष्टी येते तिले सगळे वस्तीची गाडीच म्हणतात. साडेआठला येते, पारापाशी उभी रायते, ड्रायव्हर टॉवेल धुवून स्टेअरिंगवर वाळत टाकतो, कंडक्टर मागच्या लांब सीटवर पथारी टाकतो, आणि आमच्या आजेसासूबाई अजूनही कधीमधी त्याइच्यासाठी पिठलं-भाकर पाठवतात. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याले निघते. पाहुणा उशिरा आला तरी त्या हेच म्हणतात, "आता कुठं जातं बापा अंधाराचं, वस्तीले राय." इथं वस्ती म्हणजे घरं नाही, लोकसंख्या नाही, फक्त एक रात्र. सरकारी बोर्डावर "वस्ती" वाचून वाचून मी तोच एक अर्थ खरा धरून बसली होती, घरातल्या म्हातारीचा अर्थ गावठी समजत होती, आणि तोच निघाला साडेसातशे वर्षांचा. हे कळलं त्या दिवशी मी पोथी मांडीवर ठेवून किती वेळ नुसती बसून होती.

तुमच्याकडे या अर्थानं वस्ती म्हणतात का? कोणत्या वाक्यात? लिहा.

प्रतिसाद 1 : ताई, मुक्काम हा चांगला रुळलेला शब्द असताना वस्ती कशाले? नवीन पोरांना झोपडपट्टीच आठवणार.

उत्तर : दादा, मुक्काम चार दिवसांचाही असतो, "मुक्काम पोस्ट" तर जन्मभराचा. वस्तीत रात्र आहे आणि सकाळचं निघणं आहे. बिल्बोची मंडळी रिव्हेंडेलला निदान चौदा दिवस राहतात, ते माझ्या हिशेबानं अवस्थान झालं, तिथं मुक्काम म्हणा, चालते. पण गरुडांच्या कड्यावर ते एकच रात्र काढतात, तिथं मुक्काम जड होते.

प्रतिसाद 2 : बाई, मी शाळेत संस्कृत शिकवत होतो, आता रिटायर आहे. शब्द वस् म्हणजे राहणे या धातूपासून, आणि तुमच्या आजेसासूबाईंचा अर्थ म्हाइंभटांच्याही कितीतरी आधीचा आहे. कालिदासाच्या रघुवंशाचा सातवा सर्ग काढा. इंदुमतीचं लग्न झाल्यावर अज तिला घेऊन निघतो, तेव्हा विदर्भाचा राजा, म्हणजे इंदुमतीचा भाऊ, त्याला पोचवायला जातो आणि "मार्गे वसतीरुषित्वा", म्हणजे वाटेत तीन वसती राहून माघारी फिरतो. तीन रात्री हाच अर्थ. तिथं त्या राजाला कुण्डिनेश म्हटलंय, कुंडिनपूरचा राजा. आपण ते कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर मानतो, तुमच्याच जिल्ह्यातलं. बहिणीच्या सासरकडच्यांना तीन वस्त्या सोबत करणारा भाऊ आपल्या भागातला, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

उत्तर : गुरुजी, खूप मोठी गोष्ट दिली तुम्ही. आजेसासूबाईंना वाचून दाखवली, त्या म्हणाल्या, "तीन वस्त्या म्हणजे लय लांब आला भाऊ."

आणि काल रात्री पोराले गरुडांचा भाग सांगितला. मी म्हटलं, "मंग त्या रात्री त्याइनं कड्यावरच वस्ती केली." त्यानं एकदाही अर्थ विचारला नाही, पांघरुणातूनच बोलला, "मंग सकाळी गरुडच त्याइले पुढं सोडून देतीन." पुस्तकात तसंच आहे, मी अजून तिथवर सांगितलं नव्हतं.